तळटीप : ‘प्रथिनाला चिकटलेले क्षार’

* लेखकांनी इथे क्षारांना ‘कचरा’ म्हटले आहे. प्रथिनाचे वजन मोजण्यापुरते ते बरोबर. प्रथिनाला मॅग्नेशियम (अणुभार २४) किंवा कॅल्शियम (४०) चिकटून राहिले, की वजनाच्या आलेखातले शिखर सरकते, पसरट होते. म्हणून तर नमुना आधी अमोनियम ॲसिटेटच्या द्रावणात घेतात. पण घडण टिकवायची असेल, तर हाच कचरा कामाला येतो. इलेक्ट्रोस्प्रेच्या (जॉन फेन, नोबेल २००२) तुषारातून प्रथिन निर्वातात शिरते, तेव्हा भोवतीचे पाणी उडून जाते. पुढे वायूच्या रेणूंच्या धडका खाऊन ते तापते आणि उलगडू लागते. मिशिगन विद्यापीठातल्या ब्रँडन रुओटोलो यांच्या गटाने २०११-१२मध्ये दाखवले, की क्षारांतले ऋण आयन प्रथिनाला सोडून जाताना उष्णताही घेऊन जातात, घाम वाळताना अंग गार पडावे तसे. धन आयनांचे उलटे : ते हलतच नाहीत. मॅग्नेशियम, कॅल्शियम एकाच वेळी प्रथिनाची दोन-तीन टोके धरून बसतात. आमच्या नाशिक रोडला बोअरच्या जड पाण्यात तूरडाळ लावणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. चार शिट्ट्या होऊनही दाणा अख्खाच! तिथे हे दोघे पकडतात ते डाळीतल्या पेक्टिनला, प्रथिनाला नव्हे, एवढा फरक ध्यानात ठेवावा. एकच भार असलेल्या सोडियम-पोटॅशियमची पकड त्या मानाने ढिली. — संपा.