खाडीकाठची बदकं

16 एप्रिल 1853 रोजी ठाण्याला देशातली पहिली प्रवासी आगगाडी आली. त्याला शंभर वर्षं उलटली तरी, माझ्या लहानपणी, स्टेशनाच्या पूर्वेला आमच्या कोपरी गावापुढं खाडी, तिवरं नि मिठागरंच होती. दारात बदकं पाळायची तर तिवरांतल्या कोल्ह्याशी गाठ.

कोंबडी सांजेला आपल्या पायानं खुराड्यात शिरते. बदक पाण्यातच रेंगाळतं. म्हणून दिवेलागणीला त्यांना हाकून आणायचं काम आम्हा पोरांचं. कोल्हा खालून उकरतो, म्हणून आई खुराड्याच्या कडेनं दगड पुरायची. मुंगूस लहानशा फटीतनं शिरतं, म्हणून फटी चिखलानं लिंपायची. बदक पहाटे अंडं घालतं. दार ऊन वर आल्यावरच उघडायचं, म्हंजे अंडंही घरात नि बदकही.

पुढं भराव पडले, इमारती उठल्या. खाडीचा काही भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 साली रामसर यादीत गेला. उरलेल्या तिवरांत कोल्हा अजून आहे. वस्तीतल्या बदकांना मात्र आता धास्ती मोकाट कुत्र्यांची नि घुशींची. वैरी कुणीही असो, बदक वाचतं ते वेळेवर लावलेल्या कडीनं.