हिरव्या पडद्याची किमया

दूरचित्रवाणीवर हवामानाचे वृत्त देणाऱ्या निवेदिकेच्या मागे नकाशा दिसतो. प्रत्यक्षात तेथे बहुधा केवळ हिरवा पडदा असतो. या तंत्रास ‘क्रोमा की’ म्हणतात. संगणक चित्रातील ठरावीक हिरवी छटा शोधून तेवढा भाग पारदर्शक करतो आणि तेथे हवे ते दृश्य बसवितो.

हिरवाच रंग का? मानवी त्वचेच्या छटांहून तो पुरेसा वेगळा असतो. शिवाय बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकात हिरव्या रंगाचे बिंदू लाल वा निळ्याच्या दुप्पट असतात. त्यामुळे कडा रेखीव कापता येतात. मात्र पडद्यावर सुरकुती नको, प्रकाश सर्वत्र सारखा हवा आणि कलावंत पडद्यापासून काही फूट पुढे हवा. अन्यथा त्याच्या अंगावर हिरवी झाक येते. हिरवा शालू व हिरवा चुडा ल्यालेली नववधू उभी केल्यास शालू आणि चुडाच अदृश्य होतील! अशा वेळी निळा पडदा लावतात.

पडद्यावरील अशी किमया मुंबईला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी दादरला चित्रित केलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. संगणक नसलेल्या त्या काळात एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्यासारख्या युक्त्यांनी त्यांनी आपल्या चित्रपटांतून चमत्कार घडविले.

आज मालिका, जाहिराती, शैक्षणिक चित्रफिती यांना या पडद्याचा मोठा आधार आहे. लहान निर्मात्यालाही चाळीतल्या खोलीत गडाचा बुरूज उभा करता येतो. समोर नसलेली दरी अभिनेत्याच्या नजरेत मात्र दिसावी लागते. ते काम कोणताही संगणक करीत नाही.