धनुष्यास लाकूड कोणतें?

लाकूड जितकें कठीण तितकें धनुष्य बळकट, असा समज प्राचीन शस्त्रांविषयीं लिहितांना पुष्कळांच्या लेखणींतून उतरतो. आम्हांस तो ग्राह्य वाटत नाहीं. खैर कठीण खरा. परंतु पुढील दोन्ही याद्यांत त्याचें नांव नाहीं.

कौटिल्यानें आयुधागाराच्या प्रकरणांत (2.18) धनुष्याचीं द्रव्यें चार सांगितलीं आहेत: ताल, चाप, दारु आणि शृंग. चाप म्हणजे येथें वेळूची एक जात. लाकडाचा क्रम तिसरा लागतो, हें ध्यानांत घ्यावें. ताड व वेळू या दोहोंचा चिवट धागा बाहेरच्या बाजूस दाट व गाभ्याकडे विरळ असतो. धनुष्य वांकविलें म्हणजे पाठ ताणली जाते आणि पोट दाबलें जातें. तेव्हां ताण सोसणारी साल पाठीस येईल अशी वेळूची चीप घेतली कीं काम झालें. निव्वळ कठीण लाकूड अशा वेळीं तडकतें.

अग्निपुराणांतील धनुर्वेदांत चंदन, वेतस, साल, ककुभ इत्यादि वृक्ष येतात. पण श्रेष्ठपणा दिला आहे तो शरदांत घेतलेल्या वेळूस. (चंदनाची योजना बळापेक्षां मानासाठींच असावी.) शरदाचा निर्बंध अनुभवाचा आहे. पावसाळ्यांत नवे कोंब पोसण्यांत जुन्या वेळूंतील पिठूळ अंश खर्ची पडतो, व त्यानंतर तोडलेल्या वेळूस भुंगा कमी लागतो.

आरियन हा ग्रीक लेखक हिंदी धनुष्य पुरुषभर उंच, जमिनीवर टेकून डाव्या पायानें दाबून ओढावयाचें, असें वर्णितो. एकसंध वेळूच्या धनुष्यास ही लांबी हवीच. आंखूड केल्यास तितक्या ओढीनें तें मोडेल. शिंग व स्नायु जोडून केलेलें धनुष्य मात्र आंखूड असूं शकतें.

लाकडांपैकीं एकाविषयीं थोडें अधिक लिहिणें अवश्य आहे. आपल्याकडील धामणीचें संस्कृत नांव धन्वन, आणि धन्व म्हणजे धनुष्य. हें लाकूड चिवट व लवचीक असतें. कठीणपणापेक्षां लवचीकपणा पाहत, याची साक्ष वृक्षाच्या नांवांतच राहिली आहे, असें आम्ही समजतों.

मराठी कमठा या शब्दाचेंही तसेंच. संस्कृत कोशांत कमठ याचा एक अर्थ वेळू असा आहे. त्यावरूनच तिरकमठ्यांतील कमठा आला. सातपुड्यांतील भिल्लांच्या कमठ्यास दोरीही वेळूच्याच चिपेची असते, आणि कौटिल्याच्या प्रत्यंचाद्रव्यांतही वेणु आहेच.