रजोनिवृत्तीचा घरगुती इतिहास

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, त्याचा उच्चार आमच्या खानदेशांतील घरांत पुरुषमंडळींपुढें होत नसे. चाळिशी उलटल्यावर स्त्रीचा ऋतु अनियमित होत होत अखेर कायमचा थांबतो, त्या अवस्थेचा हा विषय.

जुन्या लोकांस ती ठाऊक नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेंत ऋतूचा आरंभ बाराव्या वर्षीं आणि अंत पन्नासाव्या वर्षीं सांगितला आहे. ऋषिपंचमीचें व्रत तर सर्वांच्या परिचयाचें. विटाळाच्या दिवसांत नकळत घडलेल्या स्पर्शाचा दोष फिटावा म्हणून स्त्रिया त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें धान्य वर्ज्य करीत, आणि पाळी गेल्यावर व्रताचें उद्यापन करण्याची चाल होती. यांत दोष तो कसला, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं. तो केव्हां संपतो याची मात्र नोंद राहिली. अंगाची लाही कां होते, हें कोणी विचारलें नाहीं. युरोपांतही 'मेनोपॉज' हें नांव गार्दान नामक फ्रेंच वैद्यानें दिलें तें १८२१ सालीं.

१९७४ च्या डिसेंबरांतली गोष्ट. जळगांव जिल्ह्यांतील आमचें धाब्याचें घर, बाहेर कडाक्याची थंडी. आई मध्यरात्रीं उठे, दार उघडून ओट्यावर बसे आणि पदरानें वारा घेई. चेहरा लाल, कपाळावर घाम, लागलीच हुडहुडी. वडील म्हणत, "उष्णता झाली, सब्जा घे." मी मॅट्रिकच्या अभ्यासास बसलेला; एके रात्रीं खेकसलों, "दार लाव, दिवा विझतो!" तिनें बाहेरून दार ओढून घेतलें व अंधारांत बसून राहिली. तिचें वय तेव्हां सत्तेचाळीस होतें, हा हिशेब मीं पुढें धुळ्यास मास्तरकी करतांना, पत्नीची तीच अवस्था पाहून केला.

कारण आतां माहीत झालें आहे. अंडाशयांतील इस्ट्रोजेन नांवाचा स्राव ओसरूं लागला, कीं मेंदूंतील उष्णता सांभाळणारें केंद्र अल्पशा फरकानेंही बिचकतें. त्वचेंतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि अंग भडकतें. हाडेंही त्याच सुमारास अधिक झिजूं लागतात.

पत्नीनें दिनक्रम थोडा बदलला. चहा दुपारींच संपविला. झणझणीत शेवभाजी रात्रीच्या पानांतून सकाळच्या पानांत गेली. सुती वस्त्रें, उशाशीं पाण्याचा तांब्या, आहारांत दूध व तीळ. रात्रीं दार उघडण्याचें काम माझें. पांझरेच्या कांठानें आम्ही कोवळ्या उन्हांत भरभर चालूं लागलों. चालण्यानें उष्णतेच्या लाटा थांबतीलच असें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे; परंतु झोप सुधारते आणि हाडांस बळ येतें. एवढ्यानें न भागल्यास स्रावाचीं औषधें आहेत. तीं कोणास मानवतील हें मात्र वय व प्रकृति पाहून डॉक्टरांनींच ठरवावयाचें. आणि पाळी बारा महिने बंद राहून पुन्हां रक्त दिसलें, तर मात्र घरगुती उपायांत एक दिवसही न दवडतां दवाखाना गांठावा.