चंद्राच्या विरळ वातावरणाचे मापन

म्हसवडच्या माळावर एका घनसेंटिमीटर हवेत सुमारे २ वर १९ शून्ये इतके रेणू असतात. चंद्रपृष्ठावर रात्री जेमतेम २ लक्ष कण. हा आकडा सहजी हाती आला नाही. अपोलो-१२ ने १९६९ मध्ये ठेवलेला दाबमापक एक दिवसही टिकला नाही. अपोलो-१४ व १५ च्या मापकांनी १९७१ मध्ये दिवसा नोंदविला तो मुख्यतः यानातून व उपकरणांतून निसटलेला वायू. पाहुण्यानेच घर धुराने भरावे, तसा हा प्रकार! सूर्यास्तानंतर हा वायू थंड पृष्ठभागांना चिकटून राही. म्हणून रात्रीचीच मापने ग्राह्य मानावी लागली. अपोलो-१७ च्या वस्तुमान-वर्णपटमापकाने १९७३ मध्ये हेलियम, निऑन व आरगॉन-४० वेगळे ओळखले. यांपैकी आरगॉनचे महत्त्व विशेष, कारण तो चंद्राच्याच अंतर्भागातील पोटॅशियम-४० च्या क्षयातून उपजतो.