चांदीच्या धावा

सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या हिवरखेडात जुन्या माणसांच्या तोंडी एक गोष्ट हमखास असायची. आमचे आबाजी सांगत, "तवा अमेरिकेत लढाई पेटली अन् आपल्या कापसाचे भाव आभायाले टेकले. लोकायनं बंडीच्या चाकाले चांदीच्या धावा चढवल्या." ही गोष्ट त्यांना त्यांच्या आजोबांकडून मिळालेली. लढाई काऊन पेटली, हे मात्र त्या गोष्टीत नसे.

ते कारण कापसातच होतं. 1793 साली एली व्हिटनीनं सरकी काढणारं यंत्र बनवलं आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे मळे पसरले. मळ्यांना हात हवे होते. ते आफ्रिकी वंशाच्या गुलामांचे होते. 1790 मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम 1860 पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेले. दिवसभराची वेचणी संध्याकाळी तोलली जायची आणि वजन कमी भरलं की पाठीवर चाबूक पडायचा. आया एका बाजारात विकल्या जात, लेकरं दुसऱ्यात.

पश्चिमेकडच्या नव्या मुलखात गुलामी जाऊ द्यायची की नाही, यावर देश दुभंगत गेला. 1854 च्या कायद्यानं हा निर्णय तिथल्या वसाहतकऱ्यांवर सोडला आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडलं. 1857 मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की काळा माणूस या देशाचा नागरिकच नाही. गुलामीचा विस्तार रोखू पाहणारे अब्राहम लिंकन 1860 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. 12 एप्रिल 1861 रोजी फोर्ट सम्टर या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि लढाई पेटली. चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले.

लिंकननी दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला. आमचा वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. त्यांची नजर इथल्या काळ्या मातीवर पडली. खामगावच्या बाजाराकडे बंड्या धावू लागल्या. 1865 मध्ये लढाई संपली, भाव कोसळले, मुंबईचे सट्टेवालेही बुडाले. पण 1867 मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोचली, कापूस राहिला आणि ज्वारीची जागा खात गेला. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. तेव्हा चांदीच्या गोष्टी कुणाच्या पोटाला उपयोगी पडल्या नाहीत.

या लढाईचा खरा अर्थ आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी ओळखला. 1873 मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेच्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. तिथल्या गुलामांच्या सुटकेत त्यांना इथल्या शूद्रातिशूद्रांच्या सुटकेची आशा दिसली.

आबाजींच्या गोष्टीत भाव होता, बंडी होती, चांदी होती. मिसिसिपीच्या मळ्यात वेचणारा माणूस नव्हता. आमच्या वावरात वेचणीच्या आरंभीची सीतादहीची पूजा झाल्यावर उन्हात वाकणाऱ्या बाया आणि सावकाराच्या देण्यात अडकलेला सालदारही नव्हता. हिवरखेडच्या पोरांना ही गोष्ट आता त्यांच्यासकट सांगायला हवी. पिकाला भाव का चढला, हे विचारताना तो कुणाच्या अंगावरून चढला, हेही विचारलं पाहिजे. फुल्यांनी ते दीडशे वर्षांपूर्वी विचारलं होतं. कापसावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर ते विचारलंच पाहिजे.