रोडग्याची आग

1902 सालचा डिसेंबर. तिथी चंपाषष्ठी. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि धाडच्या एका वावरात अंगावर पासोडी ओढून उभे आहात. बाजूला कोवळा गहू वाऱ्यावर हलतोय. आजोबा गोवऱ्या रचतायत.

धाड वऱ्हाडाच्या काठावरचं गाव. भोकरदनच्या बाजूला गेलं की निजामाचा थेट अंमल. गेल्याच महिन्यात, 5 नोव्हेंबरला, निजामानं वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांना देऊन टाकलंय. वावरात त्याचं कुणाला सोयरसुतक नाही. 1899-1900 चा दुष्काळ मात्र सगळ्यांच्या ध्यानात आहे. कणगीतला जुना गहू दळून पंगत उठवायची, ही आज मोठीच गोष्ट. खंडोबाला घरी भरीत आणि बाजरीच्या रोडग्याचा नैवेद्य झालाय. चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं आजपासून चुलीवर चढतंय.

वावरातले गव्हाचे रोडगे करायचे ते पुरुषांनीच, असं सगळे मिरवतात. पीठ मात्र तुमच्या आईनं आणि काकूनं पहाटे जात्यावर दळलंय, तेही मुद्दाम भरड. बारीक पिठाचा रोडगा दगड होतो. परातीत मीठ, ओवा आणि करडईचं तेल पडतं. काका पीठ मुठीत दाबून दाखवतात. मूठ वळली की मोहन बरोबर. तेलानं पिठाचा कण माखला की पाणी घातल्यावरही तो फार चिवट होत नाही. खुसखुशीतपणा येतो तो तिथून. कणिक घट्ट मळतात. लहान पारी, तिला तेलाचं बोट, वर दुसरी, मग मोठ्या पारीत सगळं गुंडाळून गोळा. आत तेलानं वेगळे राहिलेले पदर वाफेनं सुटतील. सोडा नाही, खमीर नाही.

विलायतेतल्या स्कोनचीही गोष्ट फार लांबची नाही. स्कॉटलंडात तोही आधी तव्यावर भाजला जाणारा जाड, चपटा पाव होता. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं, म्हणून त्यानं 1843 मध्ये बेकिंग पावडर केली, आणि पुढे स्कोन फुगू लागला. अशा खाराची, म्हणजे सोड्याची, वाण तुमच्या जिल्ह्यालाही नाही. लोणारच्या सरोवरातून तो पूर्वापार काढला जात असे, अकबराच्या काळातल्या आईन-इ-अकबरीतही लोणारची नोंद आहे. आजोबांच्या रोडग्याला मात्र तो लागत नाही.

गोवऱ्या पेटल्या. तुम्ही गोळा उचलून धावता.

“काहून घाई करतं बे? अजून धूर निघून राहिला!” आजोबा हटकतात.

ज्वाळेत टाकला तर वरून कोळसा, आत कच्चा. धूर संपून गोवरी आतून लाल आणि वरून राखाडी झाली, की इंगळ काठीनं पसरायचे, रोडगे ठेवायचे, वर गरम राख ओढायची. मग थांबायचं. कणिक दोन दिवसांत शिकता येते, आगीला मात्र वर्षं लागतात. आजोबांचं घड्याळ म्हणजे त्यांची चिलीम. ती विझली की रोडगे उलटतात, पुन्हा भरतात. पाठीवर तडे दिसू लागतात. एक बाहेर काढून टिचकी मारतात. आवाज पोकळ आला. फडक्यानं राख झटकतात, दोन्ही तळहातांत दाबून फोडतात. पदरांतून वाफ आणि ओव्याचा वास. वरून तूप, मग वरण, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. पहिला घास तोंड भाजतो आणि तरी तुम्ही दुसरा घेता.

आता परत या. धाडच्या आसपास थंडीत वावरात रोडग्यांच्या पंगती अजूनही बसतात. कुणी बोलावलं तर जेवायच्या वेळी जाऊ नका, गोवऱ्या रचताना जा. शहरात राहत असाल तर चार वाट्या भरड कणकेला अर्धी वाटी तेल घ्या आणि ओव्हनमध्ये 180 ते 200 अंशांवर पाऊण तास भाजा, मध्ये एकदा उलटा. राखेचा वास येणार नाही, पदर मात्र सुटतील. आणि तुपात काटकसर करू नका.